बुरुजाची माती आणि तीन सायकली

काळ्या जमिनीतल्या वाटेनं सायकल नेली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखल साठत जातो. आधी लक्षात येत नाही. मग चाक फिरायचंच थांबतं आणि काडी घेऊन खाली बसावं लागतं. आमच्या रविवारच्या सायकलफेऱ्यांचे किस्से असेच साठलेत. चाक अडायच्या आत थोडे खरवडून काढतो.

आम्ही तिघे. मी नंदुरबारला हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतो. बापू गिरासे जिनिंग प्रेसच्या ऑफिसात आहे. पुरुषोत्तम कळसाडीच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा. धुळ्याला कॉलेजात तो माझ्या बेंचवर होता. आता घरची शेती बघतो, असं तो सांगतो. त्याचे वडील तसं सांगत नाहीत.

कॉलेजातून बाहेर पडलो तेव्हा माझं ठाम मत होतं, आजही आहे, की देश घडवायचा तर आधी आपल्या पायाखालची जमीन माहीत हवी. घाटावरचे मोठे किल्ले बघायला पुण्याचे लोक समर्थ आहेत. आपल्या खानदेशात गावोगाव गढ्या आहेत, सातपुड्याच्या पायथ्याला जुन्या जहागिऱ्या आहेत, त्यांच्याकडे कोण बघणार? दर रविवारी एक गढी पाहायची, असा ठराव मी मांडला. चांगला अर्धा तास भाषण केलं.

बापूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाला, "ठराव चांगला शे. डबा कोन आनस?"

डबा बापूच्या घरून, हा आमचा पहिला ठराव एकमतानं पास झाला.

*

पहिलीच गढी शहाद्याकडची. मी शाळेतून टेप नेली होती. एक टोक बापूकडे, एक माझ्याकडे, पुरुषोत्तम आकडे लिहून घेतोय. त्या दिवसांत जमिनीच्या सिलिंगचा कायदा येणार अशी कुणकुण होती आणि आम्ही तिघेही पँटीत. हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

थोड्याच वेळात गावचे एक बडे शेतकरी हात जोडून आले. खुर्च्या आल्या, चहा आला, मग शिरा आला. आम्ही सरकारी नाही, फक्त इतिहासाचा अभ्यास करतोय, हे मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं. ते प्रत्येक वेळी मान डोलवत होते.

आम्ही निघताना ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "तुम्ही इतिहासवाले, समजलं. फक्त जमीन जरा कमी भरू द्या."

मी वाटभर लोकांच्या अज्ञानावर बोलत होतो. बापू मध्येच म्हणाला, "ते ऱ्हाऊ दे. पुढला रविवारले टेप इसरू नको."

*

अक्कलकुव्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला एक जुनी जहागीर आहे. रजा जोडून घेऊन, तापी उतरून, तळोद्याला मुक्काम करून आम्ही तिथे पोचलो. जहागीरदार म्हातारे, अंगानं काटक, बोलणं निम्मं गुजराथी. त्यांनी स्वतः फिरून वाडा दाखवला. दरबाराच्या दालनात आता बांबूच्या कणग्या उभ्या होत्या, ज्वारीनं भरलेल्या. मला वाईट वाटलं. ते म्हणाले, "पूर्वी इथं नुसती माणसं बसत. आता भरलेलं बरं दिसतं."

दुपार उतरली तसे आम्ही निरोप घेऊन अंगणात आलो. सायकली भिंतीला टेकलेल्या होत्या, पण तिन्हींच्या सीट गायब! पुरुषोत्तमची सायकल नवी, सीटला मखमली कव्हर. त्याचा चेहरा पडला. मी चोरीचा विषय काढणार, इतक्यात जहागीरदार ओसरीवरून म्हणाले, "शोधू नका. आमच्याकडे घोड्यावर पाहुणा आला की खोगीर आत जातं. जेवून झोपायचं, सकाळी खोगीर मिळतं."

सकाळी सीट परत मिळाल्या, कुंकू लावून. मखमली सीट चुकून बापूच्या सायकलला बसली. ती त्यानं नंदुरबारपर्यंत परत दिली नाही. म्हणाला, "राजानं दिलेलं परत करता येत नही."

*

पुरुषोत्तमच्या वडिलांना आमचा हा उद्योग मुळीच पसंत नव्हता. कापूस वेचणीच्या दिवसांत आम्ही त्याला न्यायला कळसाडीला गेलो, तर ते दारातच उभे.

"आज कुठे?"

"गढी बघायला, काका."

"कशी आहे?"

"पडलेली आहे," मी म्हणालो. "पण फार महत्त्वाची आहे."

त्यांनी आम्हाला मागे नेलं. खळ्याची भिंत दोन ठिकाणी ढासळली होती. "ही पण पडलेली आहे," ते म्हणाले. "आणि फार महत्त्वाची आहे. बघा, आणि बघून झाली की उभी करा."

त्या रविवारी आमची गढी तीच झाली. भिंत मात्र झकास बांधली. अजून उभी आहे. पुरुषोत्तम पाहुण्यांना ती दाखवतो.

*

कोरीटच्या वाटेवर एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण मला तिथे अजून जेवायला जायचं असतं. तिथल्या गढीला पूर्वी चार बुरूज होते. आम्ही पाहिली तेव्हा एकच उरला होता, आणि त्याच्याही पायथ्याशी कुदळी चालू होत्या. गावातली सगळी घरं धाब्याची. दर उन्हाळ्यात सपाट छपरावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यावा लागतो, आणि गढीसारखी चिवट पांढरी माती दुसरीकडे नाही, असा गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. बाकीचे तीन बुरूज लोकांच्या डोक्यावर होते, म्हणजे घरांवर.

माझा संताप झाला. मी तिथेच उभा राहून बोललो. ही गढी म्हणजे तुमच्या पूर्वजांचा पराक्रम, हा शेवटचा बुरूज गेला तर गावाला इतिहासच उरणार नाही, वगैरे. कुदळी थांबल्या. सगळे सुपडू आप्पांकडे बघू लागले. आप्पा गावात वडीलधारे, त्यांचा शब्द शेवटचा.

आप्पांनी विचारलं, "मास्तर, बुरूज पडना तर दुश्मन येई का?"

"नाही," मी म्हणालो.

"अन् धाबावर माती नही टाकी तर पानी येई का?"

कुदळी पुन्हा सुरू झाल्या.

*

मी हार मानणारा नाही. पुढचे रविवार आम्ही बाकी सगळं सोडून गावाभोवतीची माती बघत फिरलो. नाल्याच्या काठाला तसलीच पांढरी माती सापडली. निदान मला ती तशीच वाटली. मी चिमूटभर आप्पांपुढे धरली.

आप्पांनी ती बोटांत चोळली, जिभेला लावली, थुंकली. "गढीनी सर नही," म्हणाले. पण माझं तोंड बघून त्यांना काय वाटलं कोण जाणे. "मन्हा घरवर टाका. पावसाया निभावला तर गाव बुरुजले हात लावाव नही. गळनं तर बुरूज तुम्हीच खोदा, अन् माती बी तुम्हीच वाहा."

गावानं हे ऐकलं आणि पावसाळा सरेपर्यंत कुदळी बाजूला ठेवल्या. आम्ही तिघांनी नाल्यावरून माती वाहिली, धाब्यावर पसरली, पाणी मारून चोपण्यानं चोपली. बापूच्या हाताला फोड आले. "इतिहास इतला जड ऱ्हास, हे तू भाषनमा सांगं नही," तो मला म्हणाला.

*

काम संपल्यावर मी आप्पांना बुरुजावर नेलं. ते जन्मापासून या गावात, पण वर कधी चढले नव्हते. भिंतीत बंदुकीसाठी ठेवलेल्या जंग्या दाखवल्या. आतून लहान भोक, बाहेर रुंद होत जाणारं. शिपाई कसा उभा राहायचा, हे मी करून दाखवलं.

आप्पांनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मला वाटलं, यांना आता पराक्रम दिसायला लागला.

"मास्तर," ते म्हणाले, "आठेन मन्ही सगळी केळी दिसस. अन् त्यामा बकऱ्या शेतस." आणि जंगीला तोंड लावून ओरडले, "काढ रे बकऱ्या!"

खाली मळ्यात एक माणूस चारी दिशांना बघायला लागला. मग त्यानं वर आभाळाकडे बघितलं, हात जोडले आणि बकऱ्या घेऊन पळाला.

आप्पा त्या दिवशी अंधार पडेपर्यंत खाली उतरले नाहीत. पुढे जिजींनी, म्हणजे आप्पांच्या पत्नीनं, तक्रार केली की म्हातारा रोज संध्याकाळी चहा घेऊन वर जातो.

*

श्रावणात झड लागली. सूर्य दिसेना. नाल्याच्या मातीचं काय झालं असेल, या काळजीनं मला वर्गात शिकवणं सुचेना. रविवारी आम्ही सायकली निम्म्या वाटेवर एका शेतकऱ्याच्या खळ्यात ठेवल्या आणि चिखल तुडवत आप्पांचं घर गाठलं.

ओसरीवर गावातली मंडळी आधीच बसली होती. कोपऱ्यात कुदळी टेकवलेल्या. निकाल ऐकायला सगळे हजर. मला बघून कोणी तरी म्हणालं, "या मास्तर. पाटी आनी का माती वाहाले?"

आम्ही आत गेलो. आप्पा नेहमी खांबाला टेकून बसतात आणि आम्ही दिसलो की उठून पुढे येतात. आज ते घराच्या बरोबर मध्ये, घोंगडीवर मांडी घालून बसले होते. उठले नाहीत. "बठा," एवढंच म्हणाले.

मी छताकडे बघत सगळं घर फिरलो. बाजूच्या खोल्या बघितल्या, चुलीजवळ बघितलं. कोरडं. माझ्यामागून ओसरीवरची मंडळीही डोकी वर करून फिरली. कोरडं. फक्त आप्पा बसले होते तिथलं कोणी बघू शकत नव्हतं.

त्यातला एक जण थांबला. "आप्पा, धाबं गळस का?"

"नही."

"मग तुम्हना खांदा कसा काय वल्ला शे?"

आप्पांनी सदऱ्याच्या खांद्याकडे बघितलं. तेवढ्यात टप्पकन आवाज झाला. त्यांनी वर बघितलं नाही.

"घाम शे," ते म्हणाले.

जिजी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप आप्पांपुढे ठेवला आणि म्हणाल्या, "सारी उमर वावरमा राबनात, पन इतला घाम कधी उना नही तुम्हले."