विल्फच्या नावावर लागलेली शेगडी

हिल्डा ऑर्मरॉड माझी भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. तिने हयातभर इंग्लंडातल्या आमच्या बर्नलीच्या कापडगिरणीत माग चालवले. नवरा विल्फ तिथेच माग दुरुस्त करणारा मिस्त्री. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून पाहणारा. निवृत्तीनंतर त्याची छाती बिघडली. कोळसा आणि राख नकोच, म्हणून हिल्डाने पुढच्या खोलीतली कोळशाची चूल भिंतीतून काढून तिथे गॅसची शेगडी घ्यायचं ठरवलं. आमच्याकडे ती खोली पाहुण्यांसाठी नाहीतर मयतासाठी उघडते.

गॅसचा माणूस आला. त्याने धुराड्याच्या तोंडाशी धुराची कांडी पेटवून धरली. धूर वर न जाता खोलीत परतला.

"बाई, वर कावळ्यांचं घरटं आहे. धुराडं साफ झाल्याशिवाय मी शेगडी जोडणार नाही."

"अहो, रविवारी व्हिटसनच्या सणाची मिरवणूक! नंतर सगळे चहाला येणार. भिंतीतल्या भोकाकडे बघत बसतील का?"

"भोकाकडे बघून कोणी मरत नाही," म्हणून तो निघून गेला.

धुराडी झाडणाऱ्याला सणापूर्वी सवड नव्हती. हिल्डाच्या बहिणीचा, ॲग्नेसचा, नवरा क्लिफर्ड हत्यारं घेऊन आला. "चार काटक्यांचं काय एवढं? गॅसला कुठे धूर असतो?"

"त्याने नको म्हटलंय ना? मग राहू दे," विल्फ म्हणाला.

"तू गप्प बस. चार माणसांत माझी लाज काढशील," हिल्डा म्हणाली. क्लिफर्डने घरटं तसंच ठेवून शेगडी जोडली.

चहाच्या दिवशी दार सारखं उघडत होतं. सगळ्यांनी शेगडीचं कौतुक केलं. नंतर विल्फचं डोकं दुखू लागलं, उलट्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, छातीचंच आहे, ऊब द्या. हिल्डाने त्याचा पलंग शेगडीजवळ आणला, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या आणि आच पूर्ण वाढवली. तो जितका मलूल होई, तितकी ती ऊब वाढवी. एकदा ती बाजारातून परतली, तेव्हा तो गेलेला होता.

धुराडं बंद असल्याने शेगडीचा विषारी वायू खोलीतच कोंडला होता, असं निघालं आणि मृत्यूची चौकशी ठरली. आदल्या दिवशी ॲग्नेस रडत आली. "क्लिफर्डला तुरुंगात धाडशील? विल्फला आता काय फरक पडतोय?"

हिल्डाने बायबलवर हात ठेवून सांगितलं, शेगडी माझ्या नवऱ्यानेच जोडली.

मागाच्या मिस्त्रींच्या मूर्खपणाचे किस्से आमच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. पुढच्या व्हिटसनला हिल्डाच्याच घरी चहा पिताना क्लिफर्डने नवा सांगितला. "एका मिस्त्रीने म्हणे गॅसची शेगडी बसवली. का? तर वर कावळ्यांची पिल्लं गारठत होती!"

सगळे हसले. हिल्डाने किटली खाली ठेवली.

"ती शेगडी तू बसवलीस, क्लिफर्ड."

"अगं, असं काय बोलतेस?" ॲग्नेस म्हणाली. "शपथेवर तूच सांगितलंस ना?"

हिल्डाने माझ्याकडे पाहिलं. क्लिफर्डला हत्यारं घेऊन आत जाताना मी पाहिलं होतं. तसं मी सांगितलं.

"तुम्ही शेजारी. घरातल्या गोष्टीत पडू नका," ॲग्नेस म्हणाली आणि तिने केकची बशी पुढे सरकवली.

किस्सा अजून गावच्या क्लबात सांगतात. आता त्यात मिस्त्रीचं नावही घेतात.