वस्तीनं घेतलेला हातोडा

हातोडा चार मिलिमीटर जास्त लांब भरला. मी तो गेजवरून उचलला, तार सरळ केली, पुन्हा ठेवला. पुन्हा चारच. मी मान हलवली आणि समोरच्या उंच कोचला म्हटलं, "सॉरी सर. रिजेक्टेड."

त्याच्या मागे त्याची खेळाडू उभी होती. झरीना नाव तिचं. मध्य आशियातल्या एका देशाची, एकोणीस वर्षांची. आपल्या देशात भरलेल्या त्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला आलेल्या मुलींमध्ये सर्वांत लांबचा थ्रो तिच्या नावावर होता. आणि तिचा हातोडा मी नापास केला होता. मी म्हणजे जामनेरची मुलगी, धुळ्याच्या एका शाळेतली पीटी टीचर.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. मी निवृत्त होऊन जळगावला राहायला आले. पण हातोडाफेकीचा विषय निघाला की मला तीच सकाळ आठवते.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हातोडा म्हटलं की सुताराचा डोळ्यासमोर येतो. हा तसा नसतो. एक धातूचा गोळा, त्याला पोलादी तार, तारेच्या टोकाला मूठ. मुलींचा हातोडा चार किलोचा. मूठ दोन्ही हातांनी धरायची, सर्कलमध्ये तीन-चार गिरक्या घ्यायच्या आणि सोडायचा. मुठीपासून गोळ्याच्या टोकापर्यंतची लांबी एकशे साडेएकोणीस सेंटिमीटरच्या वर चालत नाही. कारण साधं आहे. तार जितकी लांब, तितका गोळ्याचा वेग जास्त. सराव करून करून तार ताणली जाते. कुणी मुद्दाम करत नाही, आपोआप होतं. म्हणून स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक हातोडा तपासतात. वजन, लांबी, गोळ्याचा व्यास. हे काम करणाऱ्या खोलीत मी बसत असे. पास झालेल्या हातोड्यावर रंगाचा ठिपका द्यायचा. नापास झालेला वेळेत दुरुस्त करून आणला नाही, तर स्पर्धा संपेपर्यंत आमच्याच ताब्यात.

"नवी तार लावून आणा. अजून वेळ आहे," मी इंग्रजीत म्हटलं.

"तारांची बॅग विमानातून आलीच नाही," कोच म्हणाला.

आयोजकांकडच्या तारा दाखवल्या. त्या तोकड्या पडत होत्या. झरीना खाली बसली आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली. शाळेतल्या मुली रडू आवरताना असंच काहीतरी करतात.

मी कोचला म्हटलं, "आयोजकांचे हातोडे आहेत. शिवाय दुसऱ्या खेळाडूंचे जे पास होतील, ते सगळ्यांसाठी खुले असतात."

हा नियम बऱ्याच जणांना माहीत नसतो. स्वतःचा हातोडा आणायला परवानगी आहे. पण एकदा तो पास झाला की तो मैदानातल्या स्टँडवर लागतो, आणि त्या दिवशी तो कुणीही फेकू शकतो. प्रतिस्पर्धीसुद्धा.

ते दोघे गेले आणि दारात निकुंभ दिसला.

निकुंभ आणि मी धुळ्याला कॉलेजात एकत्र खेळायचो. देवरे सर आमचे कोच. निकुंभ हातोडा फेकायचा, मी थाळी. तेव्हा मुलींसाठी हातोडा नव्हताच. मुलांचा सराव चालू असताना आम्ही मुलींनी जाळीपासून लांब उभं राहायचं. एका मे महिन्यात, मैदान तापायच्या आधी, सकाळी सहाला मी सरांना म्हटलं, "सर, मी एकदा फेकू का?" सरांनी आजूबाजूला पाहिलं. "फेक. बंदी कुठं लिहिलीय?" मी मुलांचा जड हातोडा दोन गिरक्या घेऊन फेकला. स्वतःही पडले. पण गोळा सुटताना दोन्ही खांद्यांना जी ओढ बसते, ती मला त्या दिवशी कळली. मी टेप घेऊन धावले. सर म्हणाले, "ठेव तो टेप. जो खेळ मुलींना नाही, त्याचं माप काय घेणार?"

सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तो थ्रो किती गेला हे मला अजून माहीत नाही. पुढे मुलींचा हातोडा सुरू झाला तेव्हा माझी थोरली पहिलीत होती. माझं खेळायचं वय गेलं होतं. मी ऑफिशियलची परीक्षा दिली आणि टेप हातात घेतला.

तर निकुंभ. धुळ्याला कोच झाला होता. त्याच्याबरोबर त्याची खेळाडू होती, करुणा सोनवणे. चोपड्याजवळच्या गावची. हडकुळी, लांब हातांची. आमच्या तपासणीच्या चीफला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की ही मुलगी माझ्या जिल्ह्यातली आहे. चीफ म्हणाले होते, "मॅडम, प्रत्येक मुलगी कुणाच्या तरी जिल्ह्यातलीच असते. तुम्ही मोजा."

करुणाने पिशवीतून हातोडा काढला. तो जुन्या सुती ओढणीत गुंडाळला होता. बाहेरच्या देशातला, लहान व्यासाचा, आत जड धातू भरलेला. असा हातोडा आपल्याकडच्या मुलींजवळ फार कमी दिसायचा.

मी तो वजनावर ठेवला. आकडा स्थिर होईना. माझ्या तोंडून सहज घरच्या बोलीत निघालं, "थांब, दखू दे."

करुणाने झटकन वर पाहिलं. "मॅडम, तुम्ही आपलाकडल्या शेतस?"

"जामनेरची," मी म्हटलं. "पण इथं मी कुणाचीच नाही."

ती हसली. हातोडा पास झाला. वजन चोख, लांबी मर्यादेच्या जेमतेम आत. मी ठिपका दिला, फॉर्मवर लिहिलं आणि करुणाला सही करायला सांगितलं.

"कुणी घेऊन दिला गं हा?"

"वस्तीनं," ती म्हणाली. "एका वर्षी जयंतीला मंडळानं डीजे लावला नाही. त्या पैशांतून घेतला. बाबा केळीच्या गाडीवर घड भरतात, आम्हाला एकट्यांना कुठून जमणार?"

ती पाणी प्यायला बाहेर गेली. निकुंभ टेबलाशी वाकला. झरीनाचा हातोडा नापास झाल्याचं त्याला तोपर्यंत कळलं होतं.

"अक्का," तो हळू आवाजात म्हणाला, "हा स्टँडवर लागला तर ती पोरगी हाच उचलणार. तिच्या हाताला बसेल असा दुसरा इथं नाही."

"असेल. मग?"

"मग हा परत देऊन टाक."

"आता येत नाही. पास झालाय, सही झालीय."

"पुन्हा मोज ना. एक-दोन मिलिमीटरचा तर प्रश्न आहे. नापास कर. आयोजकांचे हातोडे आपल्याकडचेच आहेत, आमची पोरगी त्यावरच वाढलीय. त्या झरीनाला ते जमणार नाहीत. आपल्या खान्देशात हातोड्याचं एक तरी आंतरराष्ट्रीय पदक आलंय का, सांग बरं? देवरे सर असते तर..."

"सरांना मधे आणू नको."

मी नाही म्हटलं. पण नकार लगेच दिला नाही, हे इथं लिहायला हवं. मी फॉर्मकडे बघत बसले. खोलीत त्या वेळी आम्ही दोघंच होतो. एक मिलिमीटर म्हणजे किती, हे मला चांगलं माहीत होतं. तार थोडी जास्त ताणून धरली की झालं. कुणाला कळलं नसतं. जळगाव-धुळ्याच्या पेपरात करुणाचा फोटो येईल, गावोगावच्या मुली तो बघतील, हेही माझ्या मनात येऊन गेलं. वाईट काम डोक्यात येतं तेव्हा बरोबर चांगली कारणं घेऊनच येतं.

शेवटी मी फॉर्म फाइलमध्ये लावला. "हातोडा पास आहे, निकुंभ. पास म्हणून लिहिलाय."

मागून आवाज आला, "सर, नापास नका करायला सांगू."

करुणा दारात उभी होती. किती वेळ, माहीत नाही.

"वस्तीवर काय सांगू मी?" ती म्हणाली. "त्यांचा हातोडा नापास झाला म्हणून? ते लोक खरंच मानतील ते."

निकुंभ चष्मा पुसत बाहेर निघून गेला. करुणा मात्र थांबली. स्टँडकडे निघालेल्या हातोड्याकडे बघत तिनं विचारलं, "मॅडम, ती मना हातोडा फेकी?"

"हो. नियम आहे."

"मले पुसी का?"

"तुला विचारायची तिला गरज नाही."

तिचा चेहरा उतरला. पुढची मुलगी हातोडा घेऊन आत आली होती.

स्पर्धा अकराला सुरू झाली. तपासणीवाल्यांपैकी एकाला स्टँडपाशी उभं राहावं लागतं. ते मी होते. प्रत्येकीला तीन थ्रो. पहिल्या आठ जणींना आणखी तीन. मैदानात साठ मीटरवर पांढरी पट्टी आखलेली होती. करुणा आजवर तिच्यापलीकडे कधी गेली नव्हती. निकुंभने पुढे मला सांगितलं की धुळ्याच्या मैदानात साठच्या आधीच एक उंचवटा येतो. हातोडा त्यावर आपटायचा आणि तिथेच थांबायचा.

झरीनाने पहिला थ्रो आयोजकांच्या हातोड्याने केला. तो जाळीत गेला. दुसरा जेमतेम पन्नाशीला टेकला. करुणा तेव्हा दुसरी होती. तिसऱ्या फेरीला झरीना स्टँडपाशी आली. एकेक हातोडा उचलून बघितला आणि करुणाच्या हातोड्याशी थांबली. मुठीत बोटं घातली. मग बाकावर बसलेल्या करुणाकडे वळली आणि हातोड्याकडे बोट दाखवून भुवया वर केल्या. विचारत होती. नियमात नव्हतं, तरी विचारत होती.

निकुंभ पलीकडे प्रेक्षकांत उभा राहिला होता. करुणा जागची हलली नाही. मला वाटलं, ही तोंड फिरवणार. मग तिने मान डोलावली.

झरीनाने चार गिरक्या घेतल्या. हातोडा सुटला. गोळा पट्टीच्या बराच पलीकडे पडला.

मी करुणाकडे पाहिलं. ती बाकावरून उठली होती. तिला राग आला असेल असं मला वाटलं होतं. ती तोंड उघडं ठेवून जिथं गोळा पडला तिथं बघत होती, लहान मूल पतंगाकडे बघतं तसं.

चौथ्या फेरीत तिचा फाउल झाला. पाचव्या फेरीला ती स्टँडपाशी आली, हातोडा उचलला आणि माझ्याकडे न बघता पुटपुटली, "एवढा लांब जातो हा. मला माहीतच नव्हतं."

त्या थ्रोला ती ओरडली. मी तिला आधी ओरडताना ऐकलं नव्हतं. गोळा पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे पडला. फार नाही, दीडेक हात. माप घेणाऱ्याने आकडा पुकारला तेव्हा निकुंभ प्रेक्षकांत खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

ती दुसरी आली. झरीना पहिली. पदकं घेऊन झाल्यावर झरीनाने स्वतः हातोडा आणून करुणाच्या हातात दिला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. झरीनाने आपला हातमोजा काढून दिला, करुणाने गुंडाळायची ओढणी. मी दोघींच्या सह्या घेतल्या आणि खोली बंद केली. निकुंभ जाताना भेटला. म्हणाला, "अक्का, सकाळचं मनावर घेऊ नको." मी म्हटलं, "मी पण विचार केलाच होता रे." त्यानंतर आम्ही तो विषय कधी काढला नाही.

पंधरा दिवसांनी वस्तीवर सत्कार होता. मला बोलावणं आलं. जायला मन धजत नव्हतं. डीजे सोडून लोकांनी हातोडा घेतला, आणि त्याच हातोड्यानं दुसरीने सोनं नेलं. हे त्यांना कळलं असेल तर काय म्हणतील?

समाजमंदिरापुढे सतरंज्या घातल्या होत्या. शेवभाजी आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं जेवण होतं. करुणाचे आजोबा, त्यांना सगळे नाना म्हणत, माझ्याजवळ येऊन बसले. आयुष्यभर केळीचे घड वाहून त्यांचा एक खांदा खाली गेला होता.

"मॅडम, पोर सांगस, ती परदेशी पोरनी आपला हातोडा फेका. खरं शे का?"

"खरं आहे नाना."

"आन् तिले सोनं भेटनं?"

"हो."

आजूबाजूचे लोक जेवायचे थांबले. मी सगळं सांगितलं. तिचा नापास झाला, यांचा पास झाला, नियम असा आहे. नाना खाली बघत ऐकत राहिले.

मग म्हणाले, "म्हंजे सोनं बी आपला हातोडानं आणं, आन् चांदी बी."

"तसंच म्हणायचं."

"मंग सोनं-चांदी बठ्ठं आपलंच व्हयनं ना!" ते म्हणाले आणि वळून मोठ्यांदा हाक मारली, "अरे, मॅडमले भाजी वाढा!"

करुणा आता जळगावात मुलींना हातोडा शिकवते. त्या दिवसाच्या निकालपत्रकात तिचं नाव दुसरं आहे. हातोडा कुणाचा होता हे निकालपत्रकात लिहीत नाहीत, आणि लिहावं असं माझं म्हणणंही नाही.

मी तीस वर्षं मापं घेतली. त्यातून एवढंच शिकले की माप घेणाऱ्यानं आकडा वाचावा आणि लिहावा. त्या आकड्यानं पुढे कुणाचं भलं होईल आणि कुणाचं नुकसान, हे त्याला वाटतं तितकं कळत नसतं.