खंडेनवमीला उघडलेला ब्रेक

गेल्या नवरात्रात मी रोज घटापुढे बसत होते, पण खरं सांगायचं तर माझं मन पूजेत नव्हतं. ते आमच्या लेकीच्या मोटारसायकलच्या पुढच्या ब्रेकमध्ये अडकलं होतं. मनू नर्स आहे. लालबागच्या आमच्या चाळीतून गिरगावच्या हॉस्पिटलात ती वडिलांच्याच जुन्या गाडीवरून जाते. पुलाच्या उतारावर ब्रेक नीट लागत नाही, असं तिने जेवताना सहज सांगितलं.

"मेकॅनिककडे टाक," मी म्हटलं.

"कशाला? मी मेलोय काय?" हे म्हणाले.

यांनी सारी उमर कारखान्यात फिटर म्हणून काढली. या गाडीला परका हात त्यांनी कधी लावू दिला नाही. पण वर्षभरापासून यांच्या हातांना कंप सुटलाय. कपबशी हातात घेतली की वाजते, म्हणून मी हल्ली गुपचूप ग्लासात चहा देते, तोही अर्धाच. का ते यांनाही ठाऊक आहे, मलाही. बोलत कुणीच नाही. आता हेच हात मनूचे ब्रेक बसवणार होते. नको म्हणावं तर हा माणूस आतून मोडणार, हो म्हणावं तर पोरीच्या जिवाशी खेळ. मेकॅनिक कोपऱ्यावरच होता, पण तिथवर जायचा शब्द माझ्या तोंडून पुन्हा निघेना. मी देवीला सांगत होते, आई, तूच यांना थांबव, मला बोलायला लावू नकोस. देवीला कामं सांगायची माझी सवय जुनीच आहे.

खंडेनवमीच्या सकाळी हे हत्यारांचा डबा घेऊन खाली उतरले. थोड्या वेळाने मी गॅलरीतून ओरडले, "आधी आंघोळ करून घ्या, पूजा खोळंबलीय!" कुरकुरत का होईना, हे डबा घेऊन वर आले. ते न्हाणीत शिरताच मी डबा उघडला. पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सगळं पुसून घटापुढे पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूची फुलं ठेवली. आमच्याकडे नवमीला हत्यारं पुजली की दसऱ्यापर्यंत कुणी उचलत नाही. यांना नाही म्हणायचं काम मी देवीच्या गळ्यात घातलं होतं, आणि स्वतःवर बेहद्द खूश होते. मी आरती म्हणत असताना मनू दारातून "येते गं आई" म्हणाली. मी मान न वळवता तिला म्हटलं, सावकाश जा.

हे बाहेर आले, पाट पाहिला आणि जागीच उभे राहिले.

"अगं, पाने का मांडलेस? ब्रेकचे बोल्ट नुसते हाताने लावून आलोय. आवळायचे राहिलेत."

"म्हणजे?"

"म्हणजे ब्रेक सुटून येईल!"

भिंतीवरच्या खिळ्याला गाडीची चावी नव्हती.

मी जिना कशी उतरले ते मला आजही सांगता येणार नाही. देवीचं नावसुद्धा धड ओठांवर येत नव्हतं, नुसतं आई, आई. पूल डोळ्यांपुढे येत होता, त्याचा उतार येत होता. मी यांना आंघोळीला बोलावलं नसतं तर बोल्ट आवळले गेले असते. माझ्याच हुशारीने माझ्या लेकीला मी त्या उतारावर धाडलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी झेंडूने भरलेला टेम्पो आडवा उभा होता. त्याच्या अलीकडे आमची मनू, गाडीवर बसून तणतणत होती. तिच्यापुढे टेम्पोवाला कपाळाला कुंकू लावून ओशाळं हसत होता.

"ताई, मंडळाच्या देवीच्या पाया पडून आलो फक्त. काढतो ना गाडी."

"अहो भाऊ, मला ड्युटी आहे! असा कुणी टेम्पो लावतं का?"

मी धावत जाऊन गाडीचं हँडलच धरलं. मनू माझ्या अनवाणी पायांकडे बघत राहिली. मागून हे पोचले, खाली वाकले आणि त्यांनी बोल्टला नुसतं बोट लावलं. बोल्ट फिरला. यांचा चेहरा त्या क्षणी इतका म्हातारा दिसला की मला भडभडून आलं. मी देवीकडे जे मागितलं होतं तेच समोर घडत होतं आणि ते मला बघवत नव्हतं.

टेम्पोवाल्याने पटकन पाना काढून पुढे केला. "घ्या काका, आवळून टाका." सगळी गल्ली बघत होती. यांचा हात पुढे गेला, थरथरला आणि मागे आला.

"आज नको," हे म्हणाले. "आज नवमी. आज हत्यार उचलत नाहीत."

"बरोबर आहे काका," टेम्पोवाला म्हणाला आणि त्याने पाना कपाळाला लावून परत ठेवला. फुलं गिरगावलाच जायची होती. त्याची बायको पुढे बसून हार ओवत होती, तिने सरकून मनूला जागा करून दिली. हसत हसत मनू झेंडूच्या टेम्पोतून ड्युटीला गेली.

गाडी ढकलत आम्ही दोघं परतलो. वाटेत हे म्हणाले, "दसरा झाला की मेकॅनिकला दाखवू." मी म्हटलं, "तुम्ही सोबत या. तुमच्याशिवाय ती गाडी कुणाला कळणार?" ते आले, मेकॅनिकशेजारी स्टुलावर बसले आणि त्याच्या दोन चुकाही काढल्या.

त्या टेम्पोवाल्याला मी पुन्हा पाहिलं नाही. मी नवमी पुढे केली ती लबाडीने, देवीने तीच यांची लाज राखायला वापरली. मनू वाचली आणि यांची मानही खाली गेली नाही. माझ्या अकलेला त्यातलं एकच जमलं असतं. तेव्हापासून मी देवीला कामं सांगत नाही. काळजी सांगते आणि गप्प बसते.

काळजी काही गेलेली नाही. मनूची गाडी गल्लीतून वळली की मी गॅलरीत उभी राहून हात जोडते. हल्ली हेही शेजारी येऊन उभे राहतात. हात जोडलेले असले की यांचा कंप दिसत नाही.