बंद गिरणीचा आवाज

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गिरणीची बाही शिवली. पीठ बाहेर पडतं तिथं मांजरपाटाची लांब पिशवी बांधलेली असते, तिला आम्ही बाही म्हणतो. ती उसवली होती. दोरा मी ओवायचा आणि टाके तिने घालायचे, अशी आमची कैक वर्षांची वाटणी. तिला सुईचं नेढं दिसायचं नाही आणि माझ्या जाड बोटांत सुई टिकायची नाही.

"दोघं मिळून एक शिंपी झालो," ती म्हणाली. "तो पण अर्धवट."

दोरा तिने दातांनी तोडला, जरा पडते म्हणाली आणि आत गेली. चहा करून मी हाक मारली तर उठली नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. हृदयाचं आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. आम्ही सगळी राखण तिच्या डोळ्यांची केली आणि चोर दुसऱ्याच दाराने आला.

डोळ्यांचं सांगतो. आम्ही मूळचे हरसूलकडचे. लग्नानंतर नाशकात आलो आणि सातपूरला कामगारांच्या वस्तीत एक गाळा घेऊन गिरणी टाकली. यंत्र माझं, दळण तिचं. पडत्या पिठाची चिमूट अंगठ्यावर घासायची आणि सांगायची, जाड येतंय, दगड आवळा. कुणाला भाकरीला कसं लागतं, कुणाच्या म्हातारीला दात नाहीत, सगळं तिच्या डोक्यात.

आमची पोरगी आठवी-नववीत असेल तेव्हा बायकोचं डोकं दुखायला लागलं. कानात घूंऽऽ घूंऽऽ आवाज येतो म्हणायची. मी म्हटलं, गिरणीवाल्यांचे कान असेच असतात, माझेही वाजतात. दुसऱ्या गिरणीवाल्यांना विचारलं, तेही तेच म्हणाले. तिने कानात कापूस घातला. डबा उचलायला वाकली की डोळ्यांपुढे अंधारी यायची, घडीभर काही दिसायचं नाही. बाया म्हणाल्या अर्धशिशी आहे, नाकात तूप सोड. तेही केलं.

मग एक दिवस आमच्या भागातली वीज बंद होती. गिऱ्हाईक नाही, पट्टा उतरवून ठेवलेला. आम्ही गिरणीतच खाली बसून जेवत होतो. तिने भाकरी ठेवली आणि कपाळ दाबून धरलं.

"आवं, ती बंद करा ना जरा."

"काय बंद करू?"

"गिरणी. जेवू तरी द्या निवांत."

"गिरणी बंदच हाय गं," मी म्हटलं.

तिने यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग मांडीवर बोटाने ठेका धरून दाखवला, असा येतो म्हणाली, अस्सा. मला काय सुचलं कोण जाणे, मी तिचं मनगट धरलं. बोटाचा ठेका आणि मनगटातला ठोका एकच होता. ताट सारून मी तिला दवाखान्यात न्यायला उठलो.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी अंधारात बसवून डोळ्यात उजेड टाकून पाहिलं. डोळ्यामागची नस सुजली आहे म्हणाल्या आणि तसंच मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथे डोक्याचा फोटो काढला. गाठ निघाली नाही. तिला कुशीवर मुडपून झोपवलं आणि मणक्यात सुई घालून पाणी काढलं. मी तिचे गुडघे धरून उभा होतो. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं ते असं, की डोक्यात मुळात जे पाणी असतं त्याचा दाब वाढला आहे, तो डोळ्याची नस आवळतो. दाब उतरला नाही तर दिसायचं बंद होईल, आणि गेलेली नजर परत येत नसते. वजनही उतरवा म्हणाले. घरी येताना ही रिक्षात म्हणते, पिठाच्या गिरणीत राहायचं आणि उपाशी मरायचं, हे बरंय.

गोळ्या सुरू झाल्या. डोकं हलकं झालं, पण तोंडाची चव गेली आणि बोटांना मुंग्या यायला लागल्या. चिमूट अंगठ्यावर घासायची आणि पुन्हा घासायची. मी विचारायचो, कसं येतंय? तिला कळायचं नाही. पीठ काय अन् रेती काय, सारखंच म्हणायची. एकदा बाजरी भरड गेली, डबा परत आला. त्या दिवशी तिने गोळी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी पाकीट पाहिलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

"बोटं गेली तर मी इथं काय करू?" ती म्हणाली.

"डोळे गेले तर काय करशील?"

"ते तुमी व्हा."

मला राग आला, आणि रडूही. मी म्हटलं, त्यापेक्षा बोटं होतो, ते सोपं आहे. त्या दिवसापासून पिठाची चिमूट मी घेऊन जिभेवर ठेवायला लागलो, कारण माझ्या घट्टे पडलेल्या बोटांना काहीच कळत नव्हतं. तोंड पांढरं व्हायचं. ती गिऱ्हाइकांसमोर सांगायची, आमच्यात दळण चाखून देतात. पण गोळ्या घेत राहिली.

तरी डाव्या डोळ्याची कड काळवंडत गेली. शेवटी ऑपरेशन ठरलं. पाठीतून पोटापर्यंत कातडीखालून बारीक नळी टाकायची, जास्तीचं पाणी पोटात जिरायचं. आत नेताना तिने माझ्याकडे नीट पाहून घेतलं. बघून ठेवते म्हणाली, पुढचं काय माहीत.

शुद्धीवर आल्यावर तिने डोळ्यांचं काही विचारलं नाही. कान देऊन पडून राहिली. मग म्हणाली, "गेला की वो आवाज. लय सुनं वाटतंय."

जेवढी नजर गेली होती तेवढी गेलीच. उरली ती टिकली. बांगडीतून बघितल्यासारखं दिसतं म्हणायची, मधलं लख्ख, कडेचं काही नाही. रस्त्याने मी कायम तिच्या डाव्या अंगाला चालायचो. नळी चालते की नाही हे कळायला अधूनमधून दवाखान्यात एका मशीनवर तपासणी व्हायची. हनुवटी टेकवायची, समोर बघत राहायचं, उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. आदल्या दिवशी ती जेवायची नाही. त्या तपासणीत किती ठिपके चुकतात याच्यावर आमचं पुढलं सगळं होतं. पोरीचं लग्न तिने त्या नजरेने पाहिलं. नात झाली, तिचं तोंड अगदी नाकाजवळ धरून पाहिलं.

ती गेली त्या दिवशी पोरगी आणि जावई इगतपुरीहून आले आणि दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. दुसऱ्या दिवशी तिची तपासणी ठरलेली होती. घर माणसांनी भरलेलं. मी चपला घातल्या तशी पोरगी म्हणाली, दादा, कुठं निघालात? मी म्हटलं, सांगून येतो.

दवाखाना नुकता उघडला होता. मशीनवरची बाई आम्हाला ओळखायची. मी म्हटलं, ती नाही येणार, काल गेली, तिचा नंबर दुसऱ्याला द्या. बाईने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. बाकी कुणी आलं नव्हतं. मी म्हटलं, बाई, मला एकदा बसू द्या तिथं. बाईने माझ्या उजव्या डोळ्यावर पट्टी ठेवली, बटण हातात दिलं आणि दिवा घालवला.

ठिपके यायला लागले. मधले आले, मग कडेकडेचे, तिला कधी न दिसलेले. एकही न सोडता मी बटण दाबत राहिलो.