परटीण आणि सात नावं

शत्रूच्या फौजेने गाव ताब्यात घेतलं तेव्हा टेकडीवरच्या छावणीतले कपडे परटिणीकडेच धुवायला यायचे. सदरे मोजले की तिला शिपायांचा आकडा कळायचा. लोकरी डगले एकदम आले, की तुकडी डोंगरात घुसणार हे नक्की. ती खबर ती गावातल्याच एखाद्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये शिवून भूमिगतांकडे पोचवायची.

हे ठाऊक होतं फक्त सात जणांना. त्यांतला एक तिचा धाकटा दीर. "वहिनी, जीव गेला तरी तुझं नाव ओठांवर येणार नाही," असं तो म्हणाला होता. शब्दाला जागला. सातही पकडले गेले, मार खाल्ला, गिरणीच्या भिंतीपाशी गोळ्यांना बळी पडले. एकानेही तोंड उघडलं नाही.

युद्ध संपलं आणि गावाला एवढंच आठवलं, की हिने शत्रूचे कपडे धुतले. सासू तर सरळ म्हणाली, "माझ्या लेकाला मारणाऱ्यांच्या सदऱ्यांना तू इस्त्री केलीस."

"भाऊजींना सगळं ठाऊक होतं, आत्याबाई."

"मेलेल्याला साक्षीला बोलावतेस?"



बारा वर्षांनी गिरणीपाशी काळा दगड उभा राहिला, त्यावर सात नावं. दगडावर घालायच्या पडद्याला डाग पडला, म्हणून स्मारक समितीचे मास्तर तो घेऊन तिच्या दारात आले. सासूशी झालेल्या त्या बोलण्यानंतर पहिल्यांदाच ती त्याबद्दल बोलली.

"मास्तर, खबर मी पुरवत होते. खाली एक ओळ घाला."

मास्तरांनी चष्मा पुसला. "कोणी पाहिलंय?"

"त्या सातांनी."

"जिवंत माणूस सांग, बाई."

"जिवंत राहिले ते कड्या लावून घरात बसले होते. तुम्हीसुद्धा."

मास्तरांचा चेहरा पडला. पडदा ओट्यावर टाकून ते तरातरा निघून गेले. तिने तो धुतला, कडक इस्त्री केली. दिराच्या नावावर पडायचा होता ना.

उद्घाटनाला सासू पुढच्या खुर्चीत. परटीण मागे, गिरणीच्या फाटकाशी. भाषणात मास्तर म्हणाले, "या गावात एकही फितूर निघाला नाही." मग जरा थांबले. "एखादा अपवाद सोडला, तर."

सगळ्या माना मागे वळल्या. सासूचीही.

ती शेवटपर्यंत उभी राहिली. आठवड्याभराने मात्र भट्टी विझवून कायमची बहिणीच्या गावी निघून गेली.

"बघा," मास्तर समितीला म्हणाले, "खाई त्याला खवखवे."