काकू, काय घेऊ?

काल काष्ठौषधींच्या दुकानात माझ्या पुढे उभी असलेली एक मुलगी विचारत होती, "काका, छातीत जळजळतंय, ओवा चालेल ना?" तिच्या त्या 'चालेल ना'मुळे मला एकदम आई आठवली.

आमच्या कॉलनीत असे सगळे प्रश्न आईकडे यायचे. घसा बसला, बाळाचं पोट दुखलं, की कुणीतरी फाटकाशी उभं. आई लगेच काही द्यायची नाही. काल काय खाल्लंस, झोप लागली का, घरी कुणी काही बोललं का, असं विचारत बसायची. माणूस बोलून बोलूनच निम्मा बरा व्हायचा. मग त्याच्या हातावर सुंठ-गुळाची गोळी.

एका दुपारी तिच्याच छातीत दुखू लागलं. "गॅस असेल," म्हणत तिने ओवा चावला. शेजारच्या सुमनकाकूंना मात्र तिचा घामेजलेला चेहरा दिसला. "कमल, ओवा राहू दे. आधी रिक्षात बस!" त्या ओरडल्याच. दुखणं हृदयाचं निघालं. वेळेत पोचलो, म्हणून आई घरी परत आली.

ती अजून अंथरुणावरच होती, तेव्हा कोपऱ्यावरची नीला आली. "काकू, खोकला जातच नाही हो. काय घेऊ?"

आईने तिला जवळ बसवून घेतलं, कपाळाला हात लावला. "आधी डॉक्टरांना दाखव."

नीलाचा चेहरा उतरला. तशी आई हसली.

"आणि परतताना इकडूनच जा. काय म्हणाले, ते सगळं मला सांग."