खांबावरची मुळाक्षरं

मी काँक्रीट तपासते. खांबाच्या एका अंगाला कानाला ऐकू न येणारा आवाज सोडायचा आणि दुसऱ्या अंगाला तो किती वेळात पोचला ते यंत्रावर बघायचं. आतून भरीव असेल तर आवाज सरळ येतो, पोकळी असेल तर वळसा घालतो, उशीर करतो. इतकं सोपं काम, आणि तेच मला धड करता आलं नाही.

मुखेडकडच्या आमच्या गावची शाळा तपासायला नांदेडच्या ऑफिसातून मला पाठवलं, तेव्हा काय मिरवत गेले होते मी! माझे गुरुजी आता तिथं मुख्याध्यापक होते. लहानपणी गणित चुकलं की मी पेन्सिलीला नावं ठेवायची. गुरुजी तीच पेन्सिल घेऊन गणित सोडवायचे, "चालती की," म्हणायचे आणि मग कान पिळायचे.

सगळे खांब बरे निघाले. कोपऱ्यातल्या खोलीतल्या एकाच खांबाचा आकडा उशिराचा आला. प्लास्टर सुटलं असलं तरी तसा येतो. अशा वेळी दोन्ही अंगांचं तळहाताएवढं प्लास्टर खरवडायचं, उघड्या काँक्रीटला ग्रीस लावायचं आणि परत मोजायचं. पण त्या खांबावर गुरुजींनी चार दिवस स्टुलावर उभं राहून मुळाक्षरं रंगवली होती.

"खरवडावं लागतंय का गं माय?" त्यांनी विचारलं. "लागत असंल तर खरवड."

"न्हाई गुरुजी, प्लास्टरच हाय," मी म्हणाले, आणि शेजारच्या खांबाचा आकडा थोडा इकडंतिकडं करून ह्या खांबापुढं लिहून टाकला. वर त्यांचा चहाही प्याले. बेशरम!

चोराच्या मनात चांदणं. कुठं इमारत पडल्याची बातमी आली की आधी गावाचं नाव बघायची. वर्षभर असं काढलं. शेवटी लातूरच्या एका कामाला निघाले असताना ड्रायव्हरला म्हणाले, वाट वाकडी झाली तर होऊ दे, गाडी गावाकडं घे.

पहिलीची लेकरं त्याच खांबाला पाठ टेकून बसली होती.

"ह्यांना बाहेर लिंबाखाली बसवत होतो," गुरुजी कौतुकानं म्हणाले. "ह्या खोलीचं भ्याव वाटायचं. तू तपासलंस म्हणून आत आणलं."

मी लेकरं बाहेर काढली, छिन्नी-हातोडा मागवला. क पडला, ख पडला. ग च्या मागं काँक्रीट नव्हतंच. हातानं निघावी अशी सुटी खडी, गंजलेली सळई आणि मूठ जाईल एवढी पोकळी.

गाव गोळा झालं. सरपंचबाईंनी विचारलं, "मग मागल्या साली कसं सापडलं न्हाई?"

"यंत्र बिघडलं होतं," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

"यंत्रच ते, बिघडतंय," गुरुजी पुढं झाले. "पोरीचा काय दोष? परत आली की न्हाई?" लोकांना पटलं. ते पांगले.

मग गुरुजींनी कपाटातून माझा जुना रिपोर्ट काढला आणि शेजारच्या खांबाकडं बोट केलं. "यंत्र इथं लाव."

लावलं. रिपोर्टात त्या खांबापुढं होता तोच आकडा आला.

"चालतंय की," ते म्हणाले.

कान पिळला असता तर मी सुटले असते. ते नुसते लेकरांना घेऊन लिंबाखाली गेले.